ॲसिड स्लरी आणून वेटिंग एजंट स्वतःच करावा का?

कोरा_टॉवेल

मंडळी, प्रश्न धंद्यातला आहे. पण इथे रसायनवालेही आहेत आणि डाईंगवालेही, म्हणून विचारतो.

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे लूम आहेत. मागच्या शेडमध्ये छोटं डाईंग काढलंय. दोन सॉफ्ट फ्लो (रंगवायची मशिनं), एक हायड्रो (पाणी पिळून काढणारं), एक टंबलर (वाळवणारं). कोरा माल मशिनात टाकला की सुरुवातीला तो पाण्यावर नुसता फुगून बसतो, पाणी पीतच नाही. त्यासाठी वेटिंग एजंट लागतो. पन्नास किलोचे कार्बॉय येतात, आत पाण्यासारखा पातळ माल आणि दर मात्र गोडेतेलाचा. आत काय आहे विचारलं की पुरवठादार म्हणतो, 'स्पेशल सल्फोनेट बेस'. पुढे काही नाही.

पूर्व भागात भांड्याचं लिक्विड करणारे लोक ॲसिड स्लरी आणतात, कॉस्टिक सोड्याने मारतात, रंग घालतात, झालं. स्लरी म्हणजेही सल्फोनिक ॲसिडच ना? मग तेच आपण टॉवेलला का वापरू नये? एक मित्र तर म्हणतो, स्लरी तरी विकत कशाला, एलएबी (ज्या तेलापासून स्लरी होते ते) आणि ओलियम (अतितीव्र गंधकाम्ल) आणून सल्फोनेशनच कर, एक केटल आणि एक माणूस लागतो.

जमतं का? परवडतं का? ज्यांनी हात घातलाय त्यांनी सांगा. 'गूगल करा' सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

बुडबुडा

टॉवेल भिजवायचेत का भांडी घासायचीत ते आधी ठरव बे.

अण्णा_पूर्वभाग

आमी तीस-पस्तीस वर्सं हँक डाईंग, म्हंजे सुताच्या लड्या रंगवायचं काम केलं. चादरीचं सूत. नॅफ्थॉलचे रंग असायचे, लाल, मरून, चॉकलेटी. नॅफ्थॉलची पावडर आधी टर्की रेड ऑईलमधे कालवायची, मग कॉस्टिक, मग उकळतं पाणी, तवा ती विरघळायची. आमाला वेटिंगचं औषध म्हणजे टीआरओ एवढंच ठाऊक. एरंडेल आणि गंधकाचं ॲसिड. आमच्या गल्लीत दोघंजण घरी करायचे. तुमी एवढं ओलियम-बिलियम कशाला करालाव?

स्लरीसम्राट

धागा वाचून राहवलं नाही. बारा वर्षं सल्फोनेशन प्लांटवर शिफ्ट केली आहे, सोलापुरात नाही, रायगडच्या बाजूला. दोन प्रश्न वेगळे करा.

पहिला, स्लरी आणून न्यूट्रल करणं. हे कोणीही करू शकतो. स्लरी म्हणजे लिनियर अल्किल बेन्झीन सल्फोनिक ॲसिड. बाजारात ९६ टक्क्यांची मिळते, तपकिरी, काकवीसारखी. उरलेल्यात थोडं सुटं गंधकाम्ल आणि न लागलेलं तेल. १०० किलो स्लरीला कॉस्टिक फ्लेक्स १२ ते १३ किलो लागतात. आधी पाणी घ्यायचं, त्यात कॉस्टिक विरघळवायचं, थंड होऊ द्यायचं आणि मग ढवळत ढवळत स्लरी बारीक धारेने सोडायची. उलटं करू नका. स्लरीत कॉस्टिक ओतलं तर जागच्या जागी गरम होऊन गाठी पडतात, काळपटपणा येतो आणि अंगावर उडालं तर वेगळंच. शेवटी पीएच ७ ते ८. वीस टक्क्यांपर्यंत माल वाहता राहतो, तिशीच्या पुढे गेलात की लापशी होते आणि पंप रडतो.

दुसरा, स्वतः सल्फोनेशन करणं. मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. जुनी बॅच पद्धत अशी : केटलमध्ये एलएबी, वरून २३ टक्के ओलियम थेंबाथेंबाने, जॅकेटमध्ये गार पाणी, तापमान ५०-५५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. क्रिया स्वतःच प्रचंड उष्णता टाकते. थंड पाणी पाच मिनिटं बंद पडलं तर माल काळा आणि वर गंधकाचा वास. मग तास-दोन तास मुरवायचं, मग मोजून पाणी घालायचं की दोन थर पडतात. वर स्लरी, खाली वापरलेलं गंधकाम्ल, साधारण ७५-७८ टक्क्यांचं. हे खालचं ॲसिड जवळपास स्लरीइतकंच निघतं. ते कुठे देणार? खतवाले, फटकडीवाले घेतात, पण त्यांच्या दाराशी तुम्ही टँकर घेऊन उभे राहायचं.

अजून एक गोष्ट पुस्तकात असते पण केटल घेताना कोणाच्या लक्षात राहत नाही. ९८ टक्क्यांचं गंधकाम्ल साध्या लोखंडात बिनधास्त राहतं. तेच पातळ झालं की लोखंड खातं. म्हणजे थर पाडायला पाणी घातलं त्या क्षणापासून तुमची साध्या लोखंडाची केटल मालात उतरायला लागते. लोखंड उतरलेला वेटिंग एजंट पेरॉक्साइड ब्लीचच्या बाथमध्ये गेला तर टॉवेलला भोकं पडतात. म्हणून आतून काचेचा थर दिलेलं, ग्लास लाइन्ड भांडं लागतं. त्याची किंमत विचारा, मग बोलू.

मोठे प्लांट हे काहीच करत नाहीत. ते गंधक जाळतात, व्हॅनेडियमच्या कॅटॅलिस्टवरून नेऊन ट्रायऑक्साइड वायू करतात, कोरड्या हवेत ४ ते ६ टक्क्यांपर्यंत विरळ करतात आणि नळ्यांच्या आतून पातळ पडद्यासारख्या उतरणाऱ्या एलएबीवर सोडतात. खाली वापरलेलं ॲसिड शून्य. त्यांच्या दराशी केटलवाला कधीच भिडू शकत नाही.

बुडबुडा

थोडक्यात मित्र गेला कामातून.

कोरा_टॉवेल

@स्लरीसम्राट, मनापासून आभार. सल्फोनेशनचा नाद सोडला. पण मग पहिला रस्ता तर सोपा दिसतो. १०० किलो स्लरीतून वीस टक्क्यांचा ५०० किलो माल. मी आज ज्या भावाने घेतो त्याच्या पावपटीत बसतंय.

तंतूवैद्य

थांबा. सोपा रस्ता आहे, पण चुकीच्या गावाला जातो.

स्लरीचं मीठ, म्हणजे कॉस्टिकने न्यूट्रल केलेली स्लरी, हे मुळात डिटर्जंट. मळ काढणं, तो पाण्यात धरून ठेवणं, फेस करणं यात ते पटाईत. कापड झटकन भिजवणं हे वेगळं काम. डिटर्जंट काय आणि वेटिंग एजंट काय, दोन्ही रेणूंना एक पाण्याला धरणारं डोकं आणि एक तेलाला धरणारी शेपटी असते हे खरं, पण शेपटी कशी आहे त्यावर सगळं ठरतं. सरळ, बारा कार्बनची लांब शेपटी असेल तर रेणू मळाभोवती छान गोळा होतो, पण कापडाच्या नव्या नव्या पृष्ठभागावर धावत जायला सुस्त. आखूड आणि फांद्या फुटलेली शेपटी असेल आणि डोकं मधोमध असेल तर रेणू पटकन पृष्ठभागावर पोचतो. भिजवण्याच्या शर्यतीत वेळ सेकंदांत मोजतात, म्हणून तोच जिंकतो.

गंमत म्हणजे जुना, फांद्यांच्या शेपटीचा अल्किल बेन्झीन सल्फोनेट याबाबतीत आजच्या स्लरीपेक्षा सरस होता. पण त्या फांद्या नदीतल्या जिवाणूंना पचत नव्हत्या. युरोप-अमेरिकेत नद्यांवर आणि सांडपाण्याच्या टाक्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, म्हणून १९६० च्या दशकात तिकडे सरळ शेपटीवर आले. भिजवण्याचा गुण थोडा गेला, नदी वाचली.

वेटिंगसाठी म्हणून केलेले सल्फोनेट दोन मुख्य.

एक, अल्किल नॅफ्थलीन सल्फोनेट. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, साबणाला चरबी मिळेना, तेव्हा १९१७ मध्ये बीएएसएफच्या फ्रिट्झ ग्युंटरने नॅफ्थलीनला अल्कोहोल जोडून त्याचं सल्फोनेशन केलं. नेकाल नावाने ते बाजारात आलं. साबण म्हणून ते सुमारच होतं, मळ फारसा निघत नसे. पण कापड असं भिजायचं की गिरण्यांनी ते उचलून धरलं. कृती ऐकायला साधी : डांबरगोळीचं नॅफ्थलीन वितळवायचं, ब्युटॅनॉल आणि गंधकाम्ल घालायचं, एकाच भांड्यात शेपूटही जुळते आणि सल्फोनेशनही होतं, शेवटी कॉस्टिक. आम्ल, अल्कली, जड पाणी, कशालाही दाद देत नाही.

दुसरा, सल्फोसक्सिनेट. हा माझा लाडका. यात गंधकाम्लाने सल्फोनेशन करतच नाहीत. मॅलेइक अनहायड्राइड आणि २-इथिल हेक्झॅनॉल यांचा एस्टर करायचा आणि त्याच्या दुहेरी बंधावर सोडियम बायसल्फाइट चढवायचं. झालं सल्फोनेट. ओलियम नाही, वापरलेलं ॲसिड नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकन सायनामिडने ते एरोसॉल ओटी म्हणून आणलं, आणि थंड पाण्यात झटपट भिजवायला आजही त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. पाण्याचा पृष्ठताण ७२ डाइन/सेंमीवरून तिशीच्या खाली आणतं. बाजारात ७० टक्क्यांचं, जाडसर, स्वच्छ द्रव मिळतं.

तुमच्या पुरवठादाराचा 'स्पेशल बेस' बहुतेक हाच असणार, पाच-सहापट पाणी घालून.

इचलकरंजीकर

नॅफ्थलीन सल्फोनेट आमच्याकडे पावडरमध्ये मिळतं, पिवळसर, पोत्यात. आम्ही जिगरवर (कापड रुळांवर फिरवत रंगवायचं मशीन) टाकून बघितलं, कापड काही भिजलं नाही. @तंतूवैद्य तुमची थिअरी पुस्तकात ठेवा.

तंतूवैद्य

@इचलकरंजीकर, पोत्यावर फॉर्माल्डिहाइड कंडेन्सेट असं काही लिहिलं होतं का? असणारच. ती वेगळी चीज. नॅफ्थलीनचं १६० अंशाला सल्फोनेशन करून फॉर्माल्डिहाइडने जोडसाखळी केलेली. तिला शेपटीच नसते, ती डिस्पर्सिंग एजंट. व्हॅट आणि डिस्पर्स रंगांचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घालतात. तीच काँक्रीटमध्येही घालतात, पाणी कमी लागावं म्हणून. कापड भिजवायला ती तुम्हाला कधीच उपयोगी पडणार नाही. थिअरी पुस्तकातून काढली, आता पोत्यावर वाचा.

इचलकरंजीकर

बघतो. 🙏

(तरी जिगर तो जिगर.)

गोळीचा_रुग्ण

@तंतूवैद्य, हे २-इथिल हेक्झिल सल्फोसक्सिनेट म्हणजे डॉक्युसेट सोडियम का? मला डॉक्टरांनी ऑपरेशननंतर दिलं होतं. शौचाला सुलभ व्हावं म्हणून.

तंतूवैद्य

तेच. तिथेही काम तेच करतं, कोरड्या मालात पाणी शिरवतं. औषधाचा दर्जा अर्थात वेगळा. कार्बॉयमधलं कोणी पिऊ नये.

बुडबुडा

सोलापुरी टॉवेल आणि सोलापुरी माणूस, दोघांना एकच औषध. धागा पैसा वसूल.

नीलाक्का

विषय थोडा सोडून विचारते. चाटी गल्लीतून छान जाड टॉवेल आणले, पण अंग पुसलं की पाणी नुसतं पसरतं. दोन-तीन महिने धुतल्यावर बरे होतात. तुम्ही कारखानदार मंडळी त्यात असं काय घालता?

कोरा_टॉवेल

@नीलाक्का, सॉफ्टनर. गिऱ्हाईक दुकानात टॉवेल भिजवून बघत नाही, गालाला लावून बघतं. मऊ लागला की घेतला. म्हणून शेवटच्या बाथमध्ये कॅटायनिक (धनभाराचा) किंवा सिलिकॉन सॉफ्टनर मारतात. स्वस्त सॉफ्टनर जास्त मारला की टॉवेल सशासारखा मऊ आणि छत्रीसारखा कोरडा. घरी पहिल्या दोन धुण्यांना गरम पाणी, थोडा धुण्याचा सोडा घाला, आणि फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको.

तंतूवैद्य

इथे एक भर घालतो, कारण मूळ प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

कोऱ्या सुतावर मेण असतं, कापसाचं स्वतःचं, वजनाच्या अर्धा ते एक टक्का. शिवाय पेक्टिन, शिवाय वीव्हिंगसाठी दिलेली खळ. पाणी अडवतं ते मेण. वेटिंग एजंट मेण काढत नाही, तो फक्त मेणावरून पाण्याला आत नेतो, म्हणजे कॉस्टिकला त्याचं काम करता येतं. स्कावरिंग (कॉस्टिकमध्ये उकळून मेण काढणं) कमी पडलं आणि वेटिंग एजंट जास्त पडला तर काय होतं? माल वाळवून त्यावर एक सेंटीमीटरवरून थेंब सोडला की सेकंदात गडप. सगळे खूश, माल पास. घरी पहिल्या धुण्यात सुतात उरलेला वेटिंग एजंट निघून जातो आणि खालचं मेण उघडं पडतं. टॉवेल पुन्हा पाणी पिईना.

म्हणून थेंबाची परीक्षा माल एकदा नुसत्या गरम पाण्यात धुवून, वाळवून घ्यायची. सॉफ्टनर मारायच्या आधी. डाईंग मास्तर नाराज होतील, होऊ द्या.

कारखान्याची_सून

@तंतूवैद्य यांना हजार मोदक. एक्सपोर्टचा माल याच कारणाने परत आल्याचं पाहिलंय. तेव्हा सगळे सॉफ्टनरला शिव्या देत होते.

हिशेबी

मी अकाउंटवाला, रसायन कळत नाही, पण कोरा_टॉवेल यांनी एक साधी गोष्ट करावी. आजच्या कार्बॉयमधला १० ग्रॅम माल बशीत घेऊन १०५ अंशाला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. किती उरतं? उरलेलं सगळं कामाचं नसतं, मीठही असू शकतं, पण निदान पाण्यासाठी किती पैसे देतो ते समजेल.

सांडपाणी

ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालवतो, म्हणून माझी बाजू मांडतो. तुम्ही सगळे कापड भिजलं की घरी जाता, फेस माझ्याकडे येतो. स्लरीचं मीठ सॉफ्ट फ्लोत घातलं तर आधी मशिनातच तमाशा. कापडाची दोरी फेसावर तरंगते, नोझलला ओढ बसत नाही, पंप हवा ओढतो. मग डिफोमर घालतात, तो सिलिकॉनचा असला तर रंगाला डाग. मग तो फेस एअरेशन टँकवर येतो आणि वाऱ्याने शेजारच्या प्लॉटवर जातो. जून-जुलैच्या वाऱ्यात चिंचोळी एमआयडीसीत हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

सरळ शेपटीवाला सल्फोनेट जिवाणूंना पचतो हे खरं, पण हवा आणि वेळ मिळाला तर. टाकी लहान आणि माल भरपूर असेल तर जिवाणूंनी तरी किती खायचं?

आणि परदेशी माल करणाऱ्यांनी हेही बघा : नोनिल फिनॉल इथॉक्सिलेट असलेलं नॉनआयनिक (विद्युतभार नसलेलं) काहीही नको. युरोपात ३ फेब्रुवारी २०२१ पासून, पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या कापडाच्या मालात ते वजनाच्या ०.०१ टक्क्याहून जास्त असलं की विकता येत नाही. टॉवेल धुतलाच जातो. स्वस्त 'मल्टिपर्पज' वेटिंगमध्ये ते हमखास सापडतं. या एका बाबतीत सल्फोनेट बरे.

अण्णा_पूर्वभाग

माझ्या टीआरओला कुणी इचारत नाय वाटतं.

तंतूवैद्य

@अण्णा, विचारतो की! टीआरओ हा या सगळ्यांचा आजोबा. १९व्या शतकात अलिझरीनच्या लाल रंगासाठी आला, म्हणून टर्की रेड. फक्त एक भेद आहे. एरंडेलावर गार तापमानात गंधकाम्ल घातलं की गंधक ऑक्सिजनमार्फत जोडला जातो. तो सल्फेट, सल्फोनेट नव्हे. गरम आम्लात ती गाठ सुटते आणि तेल वेगळं होऊन वर येतं. सल्फोनेटमध्ये गंधक थेट कार्बनला बांधलेला असतो, तो उकळत्या कॉस्टिकलाही ढळत नाही. तुमचं नॅफ्थॉल अल्कलीत आणि बेताच्या गरमीत असायचं, म्हणून टीआरओने आयुष्यभर साथ दिली. पेस्ट करायला ते अजूनही उत्तम.

अण्णा_पूर्वभाग

बरोबर हाय. ॲसिडच्या बाथमधे टीआरओ पडलं की वर तवंग यायचा. आमचे मास्तर म्हणायचे तेल फुटलं. कारण आज कळ्ळं. जुन्या मिलमधी आमचे वडील ब्लीचिंग खात्यात होते, तिथं तर बंद किअरमधी (उकळायच्या मोठ्या भांड्यात) रातभर कॉस्टिक उकळायचं, वेटिंगफिटिंग काय नव्हतं. टाइम होता लोकांकडं.

बुडबुडा

भोंगा वाजेपर्यंत मेणाची काय बिशाद.

रिठावाली_आजी

रिठा का नाही वापरत? फेसही येतो, नैसर्गिकही आहे.

सांडपाणी

आजी, फेसच नकोय.

बेमुदत_विद्यार्थी

केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. मला एक खटकलं. सल्फोसक्सिनेट एवढं भारी असेल तर सगळे तेच का वापरत नाहीत? इथे कोणी त्याचे तोटे बोललंच नाही. एस्टर आहे ना ते? उकळत्या कॉस्टिकमध्ये एस्टर टिकेल कसा?

तंतूवैद्य

शाब्बास. नाही टिकत. नेमकं मर्मावर बोट ठेवलं. ९५ अंश, कॉस्टिक, तासभर, हे टॉवेलचं नेहमीचं स्कावरिंग-ब्लीचिंग. त्यात एस्टर तुटतो आणि अल्कोहोल सुटतं. बाथला अचानक डोक्यात जाणारा वास आला तर समजायचं की वेटिंग एजंट संपला. पण तोवर कापड भिजलेलं असतं, म्हणून पुष्कळ जण चालवून घेतात.

शहाणपणाची वाटणी अशी. थंड किंवा कोमट, साध्या पीएचच्या कामाला, म्हणजे माल भरताना भिजवणं किंवा कोनवरच्या सुतात आतपर्यंत पाणी पोचवणं, तिथे सल्फोसक्सिनेट. उकळत्या कॉस्टिकला अल्किल नॅफ्थलीन सल्फोनेट, किंवा स्लरीचं मीठ कमी फेसाच्या नॉनआयनिकबरोबर. एन्झाइमने खळ काढताना मात्र ॲनायनिक (ऋणभाराचं, सगळे सल्फोनेट त्यातलेच) कोणतंही जपून, बऱ्याच एन्झाइमना ते सोसत नाही. तिथे नॉनआयनिक. आणि सॉफ्टनरच्या बाथपर्यंत यांपैकी काहीही उरता कामा नये. आपले ॲनायनिक, सॉफ्टनर कॅटायनिक, दोघं भेटले की पांढरे ठिपके.

स्लरीसम्राट

@तंतूवैद्य, तुमचा स्लरीवर राग दिसतो. भिवंडीपासून मालेगावपर्यंत निम्मे लोक स्लरीचंच मीठ 'वेटिंग' म्हणून घेतात आणि त्यांचं कापड भिजतं. दोन ग्रॅम लिटरला घातलं की भिजतंच.

तंतूवैद्य

@स्लरीसम्राट, राग नाही. दोन ग्रॅमला भिजतं, सल्फोसक्सिनेट त्याच्या निम्म्याहून कमी मात्रेत भिजवतं. दराचा हिशेब किलोवर मांडू नका, भिजलेल्या बाथवर मांडा.

स्लरीसम्राट

आणि फेसाचा हिशेब सांडपाणी साहेबांवर. मान्य. पण ज्याच्याकडे उघडी टाकी आहे, हँकचं काम आहे, फेस चालतो, त्याला स्लरी अजूनही स्वस्तच पडेल. यावर मी हटणार नाही.

हिशेबी

दोघांचं म्हणणं मोजता येईल अशी काही परीक्षा नाही का? भांडण वाचायला मजा येते, पण...

तंतूवैद्य

आहे. ड्रेव्हज चाचणी. ५०० मिलीचा उंच सिलिंडर, त्यात द्रावण. ५ ग्रॅम कोऱ्या सुताची लडी, तिला ३ ग्रॅमचा आकडा, आकड्याला दोऱ्याने बांधलेलं वजन. लडी पाण्यात सोडायची. आत हवा असते तोवर ती दोऱ्यावर ताठ तरंगते, पाणी शिरलं की एकदम मान टाकते आणि बुडते. सोडल्यापासून बुडेपर्यंतचा वेळ घ्यायचा. सिलिंडर आणि स्टॉपवॉच सोडून काही विकत आणायला लागत नाही, सूत तर तुमच्याकडे पडलेलंच आहे. फक्त सगळ्या नमुन्यांना एकाच कोनचं सूत, एकच तापमान आणि तुमचं नेहमीचं पाणी घ्या. डिस्टिल्डमध्ये करून कार्बॉय विकणारे पुष्कळ आहेत.

कोरा_टॉवेल

करून बघतो. बोअरचं पाणी घेऊ का नळाचं? नळ रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको, त्यामुळे डाईंग निम्मं बोअरवर चालतं.

तंतूवैद्य

दोन्हीत. बोअरचं जड असेल तर स्लरीचं मीठ कॅल्शियमबरोबर गढूळ होताना डोळ्यांनी दिसेल. साबणाइतका चोथा होत नाही, पण ताकद जाते. सिक्वेस्टरिंग एजंट (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) घालून पुन्हा वेळ घ्या.

शेंगाचटणी

इथे आलो होतो टॉवेल कुठे स्वस्त मिळतात ते बघायला. आता लडी बुडवायची इच्छा होतेय.

बुडबुडा

@शेंगाचटणी, भाकरीबरोबर बुडव.

कोरा_टॉवेल

मंडळी, उशीर झाला, मधे गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी होती, कामगार नव्हते.

आधी हिशेबींचा ओव्हन. रोजच्या कार्बॉयमधला माल वाळवल्यावर जेमतेम आठवा हिस्सा उरला. बाकी पाणी.

मग लडी. एकाच कोनचं सूत घेतलं. नळाच्या पाण्यात ७० टक्क्यांचं सल्फोसक्सिनेट अर्धा ग्रॅम लिटरला घातलं तर लडी दहा सेकंदांच्या आत गेली. कार्बॉयचा माल तेवढ्या वेळात जायला त्याच्या कितीतरी पट घालावा लागला. स्लरीचं मीठ एक ग्रॅमला अर्ध्या मिनिटाहून जास्त. बोअरच्या पाण्यात तिन्ही मागे पडले, पण स्लरी सगळ्यात जास्त, आणि तंतूवैद्य म्हणाले तसं द्रावण दुधाळ झालं.

सध्या असं ठरवलंय की ७० टक्क्यांचं आणायचं, टाकीत स्वतः पाणी घालून पातळ करायचं आणि फक्त माल भरताना वापरायचं. कॉस्टिकच्या बाथला काय घालायचं ते अजून ठरलं नाही. अल्किल नॅफ्थलीनची पावडर मागवली आहे, पोत्यावरचं नीट वाचून.

स्लरीसम्राट

बोअरच्या पाण्यावर स्लरीला हरवलंत, हा काय न्याय झाला? सॉफ्टनिंग प्लांट बसवा आणि मग बोला.

हिशेबी

@कोरा_टॉवेल, बाथचा खर्च किती निघाला? आणि पुरवठादाराला सांगितलं का?

कोरा_टॉवेल

बाथमागे निम्म्याहून कमी. पुरवठादाराला काही बोललो नाही, फक्त पुढची ऑर्डर दिली नाही. तो स्वतःच फोन करून म्हणाला, 'साहेब, आता नवीन कॉन्सन्ट्रेट ग्रेड आलाय.'

कारखान्याची_सून

😂😂 ७० टक्क्यांचं पातळ करताना एक सांभाळा. एकदम थोडं पाणी घातलं तर जेलीसारखं घट्ट होतं आणि ढवळणी अडकते. भरपूर पाणी आधी घ्या आणि त्यात ते सोडा, थोडं कोमट असलं तर उत्तम.

कोरा_टॉवेल

@कारखान्याची_सून, जेली झालीच होती, ढवळायला माणूस टाकीवर चढला होता! उद्यापासून पाणी आधी. पातळ केलेला माल सकाळी गढूळ दिसतो, तळाशी काही बसत नाही. थंडीमुळे का?

तंतूवैद्य

थंडीमुळेच. दुपारी निवळत असेल तर काळजी नको. दुपारीही गढूळ राहिला तर पातळ करायला बोअरचं पाणी घेतलंय का ते बघा. ते नसेल तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सोडियम झायलीन सल्फोनेट घालून पाहा, पण आधी बाटलीत, टाकीत नाही.